स्टेजवरचा आंधळा पोपट

माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. चौथीचा वर्ग मी बाहेरूनच बघितला. पण हातात क्रोशाची सुई द्या आणि मग बघा! सुरतेजवळच्या आमच्या अख्ख्या उधन्यात माझ्यासमोर मांडी घालून बसायची कुणाची छाती नाही. आमच्या घरात टीव्हीला झगा आहे, रेडिओला टोपडं आहे, माठाला परकर आहे. आमचे हे म्हणतात, "मी एका जागी फार वेळ बसलो तर मलाही झालर लागेल." ह्यांना बोलायला काय जातं! कापडाच्या मिलमध्ये रंगखात्यात मास्तर आहेत. आज हिरवे हात घेऊन घरी येतात, उद्या राणी कलरचे. अशा माणसाला कोण झालर लावतंय!

तर सांगायचं ते असं, की एका नाटकातली बाई चुकीची लिहिली होती, ती मी सुधारली. इतकी सुधारली, इतकी सुधारली, की शेवटी मलाच तोंड लपवायला पदर पुरेना!

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याला दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं दरवर्षी नाटक होतं. त्या वर्षी नाटक लिहायचं काम आमच्या ललितकडं आलं. ललित माझा थोरला. दिवसभर कापड मार्केटात साड्यांच्या गठ्ठ्यांवर नंबर टाकतो, पण अंगात लेखक शिरलेला. एका रविवारी हा पलंगावर उताणा पडून स्वतःचंच नाटक स्वतःला मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"पार्वतीबाई ओट्यावर क्रोशा विणत बसल्या आहेत. दोन सुयांचा टकटक आवाज येतो आहे."

मी पोळपाटावरून उठले. लाटणं हातातच होतं.

"किती सुया?"

"दोन."

"क्रोशाला?"

"मग किती असतात?"

घ्या! ज्या पोराचं टाळकं मी जन्मापासून क्रोशाच्या टोपड्यात घातलं, ते पोरगं मला विचारतंय किती असतात!

"एक! एकच सुई. पुढं आकडी असते तिला. आणि टकटक कसली? क्रोशाची सुई आवाज करत नाही. टकटक करायला ती काय सासू आहे?"

"आई, चालशे गं. नाटक आहे. कोण बघतंय?"

"पुढच्या सतरंजीवर कोण बसतं? बायका! तुझे ते डायलॉग मेले एक बाई ऐकत नाही. सगळ्या बघतात साडी कोणती, बांगड्या किती आणि हातात काय आहे. वाच पुढं."

त्यानं वाचलं. "पार्वतीबाईंनी सुईच्या नेढ्यात दोरा ओवला आणि एका रात्रीत लेकीसाठी चादर विणून काढली."

"नेढं कुठून आणलंस? आणि एका रात्रीत चादर! ती बाई आहे की पॉवरलूम?"

कोपऱ्यात हे हसले. मी तिकडं नुसतं बघितलं. वीज गेल्यावर कारखाना थांबतो तसं हसणं थांबलं.

मग मी कणीक झाकून ठेवली आणि ललितला समोर बसवलं. म्हटलं, लिही. क्रोशा विणणारी बाई कशी असते ते मी सांगते. ती साखळी घालते, खांब घालते. खांब म्हणजे काय, तर साखळीवर उभा राहतो तो टाका. मोजताना तिचे ओठ हलतात. मध्येच कुणी हाक मारली तर ती 'ओ' देत नाही, हात वर करते, "थांब, मोजतेय!" घराला आग लागली तरी ओळ पुरी करून उठते. दोऱ्याचा गुंडा डब्यात ठेवते, नाहीतर मांजर खेळतं. आणि मुख्य म्हणजे ती चुकते!

"चुकते कशाला?" ललितनं विचारलं.

"खरी बाई आहे म्हणून! माझ्या पोपटांच्या रुमालात नव्हती का झाली चूक? पोपटाचं अंग भरायचं आणि डोळ्याचं एवढं एक घर रिकामं सोडायचं, म्हणजे जाळीतून डोळा दिसतो. डावा पोपट झकास आला. उजव्याच्या डोळ्यापाशी आले आणि दूध उतू गेलं. माझं लक्ष दुधाकडं, हातानं घर भरून टाकलं. पोपट झाला आंधळा! चार ओळी पुढं गेल्यावर दिसलं. उसवतंय कोण?"

ललितचे डोळे चमकले. "हे भारी आहे, आई! हे घालतो." आणि घातलं की हो त्यानं जसंच्या तसं! मला काय अभिमान वाटला! ज्या बाईला शाळेनं तिसरीतून घरी पाठवलं, तिचं बोलणं नाटकात!

आता योगिताचं सांगते, कारण सगळा गुंता तिथंच जाऊन बसला.

योगिता माझी धाकटी. बी.कॉम. झालेली, ट्यूशन घेते, लुना चालवते. लुना बंद पडली तर भर रस्त्यात उघडून प्लग साफ करते. पण क्रोशाची सुई हातात दिली की साखळीच्या जागी गांडूळ निघतं! तिला भेस्तानच्या सीताबाईंचा प्रमोद सांगून आला. सचिन गावातल्या कारखान्यात कायम नोकरी, खाली मान घालून बोलणारा, हुंड्याचं नाव नाही. योगिता तर तो बघून गेल्यापासून लुनाशीसुद्धा गोड बोलायला लागली. सीताबाईंचं मागणं एकच होतं.

"मुलीच्या हातात कला पाहिजे बाई. माझी थोरली सून शर्टाचं बटण लावायला टेलरकडं पाठवते."

मी उठले, कपाट उघडलं आणि तोच पोपटांचा रुमाल त्यांच्या मांडीवर पसरला. "हा बघा. आमच्या योगितानं विणलेला!"

यात खोटं काय? दोरा लुनावर जाऊन तिनंच आणला होता! वर तिच्या हातात सुई देऊन एक फोटोही काढून पाठवला. कोणती आई करत नाही? रुखवतात मांडलेल्या वस्तूंना उद्या वाचा फुटली तर निम्म्या नवऱ्यामुलींच्या आया मांडव सोडून पळतील!

योगिता रात्री म्हणाली, "आई, उद्या त्यांनी मला विणायला बसवलं तर?"

"म्हणायचं, डोळे दुखतात."

"जन्मभर?"

"संसार सुरू झाला की कुणी विचारत नाही गं."

सीताबाई त्या रुमालावर अशा भाळल्या, की मी तो त्यांना देऊनच टाकला. त्यांच्या रंगीत टीव्हीवर जाऊन बसला. गणपती होऊ द्या, पितर होऊ द्या, दसऱ्याला सुपारी फोडू, असं ठरलं.

इकडं नाटकात पार्वतीबाई व्हायला गल्लीतली एक बाई तयार होईना. शेवटी उभा राहिला योगराज. योगराज लूमच्या कारखान्यात मेकॅनिक. पंजा ताटाएवढा, मिशी अशी की तिच्यावर बनियन वाळत घालावं. ती काढायलाही तयार नाही. म्हणाला, "मावशी, मी पदर तोंडात धरून बसतो."

"पदर धर नाहीतर दोरी धर, पण विणायचं खरं! नुसते हात हलवलेस तर बाया ओळखतील."

"खरं विणू? मी?"

"मग काय मी स्टेजखाली बसून विणू?"

त्याची शिकवणी सुरू झाली. दोरा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घे, करंगळीला वेढा दे, सुई पेनासारखी धर. पान्यासारखी नको रे, नट आवळायचा नाहीये! पहिले काही दिवस त्यानं माझ्या दोऱ्याच्या शेवया केल्या. आणि मग काय झालं कोण जाणे, हात बसला. बसला म्हणजे असा बसला, की सुटेना! जेवताना विणायचा, पाण्याच्या रांगेत विणायचा. कारखान्यात शेठ ओरडला, "अरे योगराज, मशीन बंध छे!" तर हा हात वर करून म्हणाला, "शेठ, थांबा. एवढा खांब पुरा करतो!"

मला तर गहिवरून आलं. असा शिष्य मला पोटच्या पोरीत मिळाला नाही!

शिकवताना माझं तोंड बंद नसतं. हात चालले की तोंड चालतं, मुळापासूनचं आहे ते. योगराज तर घरचाच पोरगा, त्याला सगळं सांगितलं. आंधळा पोपट सांगितला, सीताबाई सांगितल्या, फोटो सांगितला, गांडूळही सांगितलं. तो आपला मान खाली घालून "हो मावशी, हो मावशी" करत विणत होता. मला वाटलं, मोजतोय.

एकदा म्हणाला, "मावशी, तुमचं बसणं उचलू का? बोलणं पण?"

"उचल की! खरी बाई बघायची तर माझ्याकडं बघ."

हे माझं वाक्य. माझ्याच तोंडचं. कुणी घातलेलं नाही.

नाटकाच्या आदल्या दिवशी मला आठवलं, स्टेजवर दाखवायला पुरा झालेला रुमाल कुठंय? ललित म्हणाला, "त्याची सोय केलीय."

"कुठून? माझ्यासारखे पोपट उधन्यात कुणाला येतात?"

"तू बघशीलच. खूश होशील."

मी निवांत झोपले. मला जर तेव्हा विचारायची बुद्धी झाली असती!

नाटकाच्या दिवशी सीताबाई भेस्तानहून रिक्षा भरून आल्या. सोबत त्यांच्या चाळीतल्या पाच बायका. सगळ्या जरीच्या साड्यांत. आमच्या ह्यांनी आमंत्रण दिलं होतं. मी त्यांना पुढच्या सतरंजीवर, माझ्या शेजारी बसवलं. योगिता कडेला, प्रमोद दिसेल अशा बेतानं उभी. मी सीताबाईंना पान दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"बघाच आता! ह्या नाटकातला क्रोशाचा एकूण एक बारकावा खरा आहे. मी स्वतः तपासलाय. खोटा एक टाका नाही!"

सीताबाईंनी मान डोलावली.

पडदा वर गेला. स्टेजवर योगराज! माझी जांभळी साडी, माझाच जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डावा पाय पसरलेला, उजवा मुडपलेला, मिशीवर पदर आणि पदराआड ओठ हलतायत. हातात सुई झरझर चाललेली. आमच्या शेजारच्या उषाबाई किंचाळल्या, "व माय! हाई ते सुभद्राबाईच शे!"

काय टाळ्या पडल्या! मी मागं वळून सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. लग्नातसुद्धा माझ्याकडं इतक्या लोकांनी बघितलं नव्हतं.

लेक झालेला पोरगा आला. "आई!"

योगराजनं हात वर केला. "थांब, मोजतेय!"

पुन्हा टाळ्या. पोरगा थांबला. योगराज विणतोय. पोरगा थांबलाय. योगराज विणतोय! विंगेतून ललितचा आवाज आला, "योगराज, बोल! 'ये बाळ नूतन' बोल!"

योगराजनं विंगेकडंही हात वर केला. "थांब रे, ओळ पुरी होऊ दे!"

लोक हसून सतरंजीवर लोळायला लागले. त्यांना वाटलं, नाटकातच आहे. मला मात्र कळलं. गडी खरंच विणत होता! डायलॉग गेले होते खांबांच्या खाली!

ओळ संपली. योगराजनं वर बघितलं. समोर एवढी माणसं बघून तो पांढरा पडला. पोरानं बिचाऱ्यानं त्याला सावरायला रुमाल पुढं केला. "आई, हा पोपटांचा रुमाल बघ ना!"

सीताबाईंनी मला कोपर मारलं आणि आपल्या बायकांकडं वळून म्हणाल्या, "बघा गं, बघा! आमच्या टीव्हीवरचाच आहे! ललितनं प्रमोदकडून मागून नेला. माझ्या सुनेच्या हातचा!"

माझ्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

रुमाल हातात आल्यावर योगराजच्या जिवात जीव आला. पोपटाचं त्याला पाठ होतं ना! डोक्यावरच्या माईकखाली रुमाल पसरून तो माझ्याच आवाजात सुरू झाला.

"हा पोपट बघ. ह्याला डोळा आहे. आणि ह्याला? नाही! का नाही? दूध उतू गेलं! बाई बघत बसली दुधाकडं आणि डोळ्याचं घर टाकलं भरून! उसवतंय कोण?"

हशा. सीताबाईही हसल्या. पण हसता हसता त्यांनी त्या पोपटाकडं मान लांब करून बघितलं.

पुढं लिहिलेलं काय होतं मला माहीत होतं. 'बाळ, आईचा हात थरथरला तरी माया थरथरत नाही.' रडवायचं वाक्य होतं. योगराजला ते आठवेना. तो एकदा वर बघे, एकदा खाली बघे. मी हातानं खूण केली, थरथर, थरथर! त्याला वाटलं, मावशी म्हणतायत, चालू दे, चालू दे! मग त्याला जे पाठ होतं ते त्यानं चालू दिलं.

"पण मी कुणाला सांगते की काय! भेस्तानच्या बाईला म्हटलं, आमच्या योगितानं विणलाय! यात खोटं काय? दोरा लुनावर जाऊन तिनंच आणला होता!"

"लेकीचं नाव नूतन आहे!" विंगेतून ललित ओरडला.

"सुई धरून फोटो पण काढला! पोरगी विणते ती साखळी नाही बाई, गांडूळ! गांडूळ!"

अख्खी गल्ली हसत होती. ज्यांना काही माहीत नव्हतं ते हसत होते, आणि ज्यांना माहीत होतं ते त्यांच्या दुप्पट हसत होते. आमचे हे पिवळ्या हातांनी तोंड झाकून बसले होते. आणि सतरंजीच्या कडेला योगिता उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. पोरगी प्रमोदकडं बघतही नव्हती. जमिनीकडं बघत होती. दसरा गेला, सुपारी गेली, प्रमोद गेला, असं सगळं त्या खाली घातलेल्या मानेत दिसत होतं.

मी बळंच हसले. "नाटक आहे हो, सीताबाई! खोटं असतं सगळं."

सीताबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात, खोटा एक टाका नाही."

तिसरीतच काय, बी.कॉम.लासुद्धा याचं उत्तर शिकवत नसतील.

पडदा पडला. सीताबाई उठल्या. योगिता पुढं आली. मी खुणेनं नको नको म्हणतेय, तरी तिनं तोंड उघडलंच.

"काकू, मला क्रोशा येत नाही. तो रुमाल आईनं..."

"श्श!" सीताबाईंनी तिचा दंड धरला. "हळू बोल की! मागं पाच जणी उभ्या आहेत!"

सीताबाई त्या पाच जणींकडं वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघितलं का? लोकांना हसवायला विहीणबाईंनी स्वतःच्या पोरीचं नाव घालू दिलं! केवढं मोठं मन! नाहीतर अशी कला असलेल्या पोरीला कुणी गांडूळ म्हणेल का?"

"तेच तर!" पाची जणी म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईनं सगळ्या भेस्तानला सुनेचा रुमाल दाखवला होता! माझं खोटं उघडं पडलं तर तिचाही पदर माझ्याबरोबर फाटत होता!

मग त्यांनी मला मांडवाच्या खांबाआड घेतलं. तिथं 'विहीणबाई' वगैरे काही नव्हतं.

"सुभद्राबाई, पोरगी मला आवडली. प्रमोदला तर त्याहून जास्त. दसऱ्याला सुपारी फुटेल. पण दिवाळीच्या आत ह्या पाच जणींना पाच रुमाल पाहिजेत. योगिताच्या हातचे!"

"योगिताच्या...?"

"तुम्हाला कळलंय मी काय म्हणतेय. आणि पोपटांना डोळे पाहिजेत!"

दसऱ्याला सुपारी फुटली. योगिता पुन्हा लुनाशी गोड बोलायला लागली. आणि माझं काय झालं? उधन्यातली पहिल्या नंबरची क्रोशावाली मी, दार लावून, खिडकीला चादर टांगून, चोरासारखी विणत बसले! बाहेर ओट्यावर योगिता सुई धरून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. डोळे मिटून पेंगायची मेली, पण सुई पेनासारखी धरायची, तेवढं मी शिकवलं होतं.

एकदा उकाडा सहन होईना म्हणून मी ओट्यावर येऊन बसले. चष्मा शेंड्यावर, पाय पसरलेला. शाळेतून येणारी पोरं थांबली आणि एकमेकांना ढोसत म्हणाली, "बघ, बघ! सुभद्रा मावशी डिट्टो योगराजसारखं करते!"

मी! योगराजसारखं!

दिवाळी तोंडावर आली आणि एक रुमाल राहिला. फराळाचं करू की पोपट करू? शेवटी योगराजला बोलावलं. म्हटलं, तूच घातलाय हा घोळ, तूच निस्तर. त्यानं बसल्या बैठकीला विणून दिला, शेठच्या शिव्या खाऊन.

सीताबाई रुमाल न्यायला आल्या. पाची रुमाल उजेडात धरून, चष्मा लावून, उलटसुलट बघितले. चार घडी करून पिशवीत टाकले. पाचवा हातात धरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "हा बघा! याला म्हणतात हात! बाकीचेही बरे आहेत. पण यात तुम्ही जीव ओतलाय, सुभद्राबाई."

आतून ह्यांच्या हसण्याचा आवाज आला. मी लाडवांचं ताट पुढं केलं. "घ्या की, लाडू घ्या," म्हटलं.

पण तुम्ही म्हणून सांगते, त्याच्या पोपटाचा डोळा जरा तिरळाच आहे.